भागूला न येणारा पदार्थ

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

नवीन वही. जुन्या वहीत भागूच्या आजारपणाच्या नोंदी आहेत, म्हणून ती बंद.

निर्णय झाला. ९ मार्चला वाँटन सूप. घरी. सुरुवातीपासून. पाऱ्यासुद्धा स्वतः लाटायच्या.

पार्श्वभूमी (नोंद व्यवस्थित असावी म्हणून): भागूबाई, माझी नणंद, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, गेल्या वर्षी ९ मार्चला गेली. नवऱ्याने टाकल्यापासून चाळीस वर्षं ती या घरात होती. स्वयंपाक ती बघायची, शाळा मी बघायचे. ही कामाची वाटणी होती, अन्याय नव्हता. तसं कोणी म्हटलेलं नाही. आधीच लिहून ठेवलं.

ती गेल्यावर मी डबा लावला. तीन डबेवाले बदलले. वजन अकरा किलोने उतरलं, जे माझ्या उंचीला शोभतं. जानेवारीत बाथरूममध्ये जरा तोल गेला. माझा मुलगा राजेंद्र पुण्याच्या वाकडहून धावत आला आणि त्याने फ्रिज उघडला. आत ब्रेड, लोणचं आणि माझा चष्मा होता. चष्मा थंड ठेवला तर काचांवर धूळ बसत नाही. हे त्याला माहीत नसावं.

तो म्हणाला, "आई, आता पुरे. आमच्याकडे चल. हे घर भाड्याने देऊ." मी म्हटलं, स्वयंपाक येत नाही एवढ्यावरून माणसाला लोणावळ्याच्या तुंगार्लीतून हलवतात का? शेवटी लेखी ठरलं. माझ्याच अक्षरात: "मी ज्योत्स्ना, ९ मार्च रोजी भागूच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, चार माणसांचं जेवण एकटीने, कोणाचीही मदत न घेता, बाहेरून काहीही न मागवता करीन. न जमल्यास वाकडला येईन." सही, तारीख. साक्षीदार म्हणून सुनेने सही केली. प्रतीक्षाला अक्षर कधीच नव्हतं.

वाँटन सूपच का? एक, नातीला, समीक्षाला, आवडतं. दोन, भागूला ते येत नव्हतं. तिने ते जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे तुलना नाही. दुसरं कारण महत्त्वाचं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. रात्रीचं जेवण: ब्रेड

समीक्षाने फोनवर पाठवलेले सहा व्हिडिओ पाहिले. टिपणं काढली. थिअरी पूर्ण. मैदा, अंडं, मीठ. घट्ट मळायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. इतकं पातळ लाटायचं की खालचा पेपर वाचता यावा. चौकोन कापायचे, मध्ये चिकनचा खिमा, आलं, पातीचा कांदा. मुडपायचं. हाडांच्या सूपात उकळायचं. मूलतः ही पाण्यात सोडलेली करंजी आहे. एम.ए., बी.एड. झालेल्या बाईला अवघड नाही.

भागूचे पोळपाट-लाटणे गोणपाटात बांधून माळ्यावर टाकले. नव्या कामाला नवी हत्यारं. उद्या बाजारातून स्टीलचा पोळपाट आणणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.००

पहिलं प्रॅक्टिकल. पीठ हाताला चिकटलं, मग पोळपाटाला, मग फोनला. स्टीलचा पोळपाट ओट्यावर घसरतो. मैद्याचा दर्जा हल्ली पहिल्यासारखा राहिलेला नाही.

लाटताना मागे कोणीतरी "हं" म्हटलं.

स्पष्टीकरण: गीझरचा पाइप.

इथे एक नोंद आवश्यक. भागू कोणाची चूक काढायची नाही, माझी तर नाहीच. फक्त "हं" म्हणायची, नाकातून. मीठ कमी पडलं, पाहुणा न सांगता आला, कोणी खोटं बोललं, सगळ्याला तेच एक "हं". चाळीस वर्षं ऐकलेला आवाज कानात राहतो. विज्ञानात याला काहीतरी नाव आहे. प्लंबरला फोन केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्लंबर म्हणाला, पाइपला काही झालेलं नाही. उर्मट होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.३०

खरेदी पूर्ण. सोया सॉस, पांढरी मिरी, तिळाचं तेल. तलावाच्या रस्त्यावर गोरखची चायनीजची गाडी आहे, त्याला पाऱ्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कशाला जीव काढताय? फ्रोजन शीट भेटतात. मी पण तीच लावतो. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" मी त्याला विचारलं, खरं सांगतोस का गिऱ्हाइकाला? तो हसला. "मला कोण विचारतंय, मावशी? खाऊन मस्त म्हणतात, मी थँक्यू म्हणतो."

मी छत्री उघडली. ऊन फार होतं.

घरी आल्यावर शालूबाईने (भांडी-फरशीला येते, मूळची बेडशाची, भागूच्या माहेरची) तेलाची बाटली उलटीपालटी केली. "बाई, ह्ये समईचं त्येल हाय. हितं लिवलंय बगा." बाटलीवर समईचं चित्र आहे. खाली बारीक अक्षरात "खाण्यासाठी नाही". छप्पन्न साली सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, त्या घरात एकोणसत्तर वर्षांनी समईचं तेल मी आणलं. दुकानदाराने अशा बाटल्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पत्र लिहिणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.२०

आज एक घटना. वस्तुनिष्ठपणे लिहिते.

२.१५ ला पीठ मळलं. २.२० ला बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. २.५० ला परत आले. पिठावर ओलं फडकं होतं. निळ्या चौकटीचं. भागूच्या जुन्या लुगड्याचं. मी पिठावर स्टीलची ताटली ठेवली होती. ताटली धुऊन पालथी घातलेली.

पीठ उत्तम झालं होतं. लोण्यासारखं. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

शालूबाईला बोलावून जाब विचारला. ती म्हणाली, "म्या न्हाई. मी भायेर फरशी पुसत हुते, तुमच्या म्होरं." मग फडक्याकडे बघून हात जोडले. "आक्का हायत हितं."

तिला सरळ बसवलं आणि समजावलं. या घरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. भिंतीवर बाबासाहेब आहेत, शेजारी बुद्ध आहेत. त्यांच्या नजरेसमोर भूत येऊच शकत नाही. शालूबाई म्हणाली, "आमी बी बौद्धच की बाई. भूत कोन म्हनतंय? आक्का म्हनले मी."

तिचा तर्क तपासून पाहिला. चूक सापडली नाही. पण आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.००

पोळपाट ओट्यावर आहे. भागूचा. लाकडी, मधोमध झिजून खोलगट झालेला. लाटणं शेजारी आडवं. गोणपाट घडी करून खिडकीत.

रविवारी शालूबाई येत नाही. कडी आतून लावलेली होती. स्टूल माळ्याखाली होतं. स्टूल कुठेही असू शकतं.

साडेसातला शालूबाई आली, माझ्याकडे बघून थबकली आणि माझ्या पदरावरची जळमटं काढायला लागली. केसांतही होती म्हणे. घर इतकं अस्वच्छ ठेवल्याबद्दल तिला चांगलं सुनावलं. तिने पुढे होऊन माझा गुडघा बघितला, तो सुजला आहे. म्हणाली, "बाई, स्टुलावर नगा चढत जाऊ."

मी चढलेले नाही. चढले असते तर नोंद असती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.१०

केवळ तुलनात्मक अभ्यासासाठी जुन्या पोळपाटावर लाटून पाहिलं.

पातळ आली. खाली पेपर धरला. "वराळे येथे पाणीपुरवठ्याबाबत ग्रामस्थांचे निवेदन" हे स्पष्ट वाचता आलं. अंड्या-मैद्यातून वराळ्याचं निवेदन! एकट्या घरात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत. म्हणजे मी वाजवल्या नाहीत.

मग मुडपायला घेतलं. व्हिडिओतली चिनी बाई दोन टोकं ओली करून मागे जोडते. माझी टोकं जोडेनात, नुसता चेंडू व्हायचा. चौथ्या वाँटनला बोटं आपोआप कडेने चालायला लागली. चिमूट, दुमड, चिमूट, दुमड. करंजीची मुरड पडली, दोरखंडासारखी. अशी मुरड मला येत नाही. कधीच येत नव्हती. भागू घालायची, मी दारात उभी राहून "झालं का गं?" विचारायचे.

ताबडतोब थांबले. वाँटनला मुरड नसते. उलगडून परत चेंडू केला.

"हं."

पाइप.

१ मार्च, शनिवार. सायंकाळी ६.००

पूर्ण रंगीत तालीम. अठरा वाँटन उकळत्या सूपात सोडले. सतरा फुटले. खिमा वर, पाऱ्या खाली, मधे फेस. अठरावा टिकला, तो मुरडीचा होता. एक चुकून राहिला असावा. तो खाल्ला नाही. टाकलाही नाही. फ्रिजमध्ये आहे.

निष्कर्ष: तालीम यशस्वी. प्रत्येक दोष कळला.

शालूबाईने पातेलं घासताना विनाकारण विषय काढला. "बाई, रागावनार नसाल तर सांगते. आक्कांचं काय तरी ऱ्हायलंय. त्याबिगर मानूस असं आपल्याच चुलीम्होरं येरझाऱ्या घालत न्हाई."

काहीही राहिलेलं नाही. औषधोपचार सगळे केले. दवाखान्यात वीस दिवस मी स्वतः उशाशी होते. बेडशाला लेण्यांच्या पायथ्याशी तिच्या नावाने आंब्याचं झाड लावलं आहे. खरंच काही राहिलेलं नाही.

२०१३ च्या मे महिन्यात माझ्या निवृत्तीचं जेवण याच अंगणात झालं होतं. साठ पानं. भागूने एकटीने केलं. पहाटे चारपासून. चकोल्या केल्या होत्या, आमटीत शिजवलेले लाटीचे तुकडे, तिचा हातखंडा. शिक्षणाधिकारी तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाले, "मॅडम, शाळा सांभाळून हा हात? कमाल आहे तुमची!" मी म्हटलं, "आपलं जमेल तसं." भागू डाव घेऊन दारात उभी होती. "हं" म्हणाली आणि आत गेली.

एवढंच. लोकांसमोर खुलासे करत बसण्याची ती वेळ नव्हती. भागूला पुढे यायला आवडतही नसे. असं मी त्याआधीच्या एकोणतीस वर्षांत ठरवलेलं होतं.

हे इथे कशाला लिहिलं, कळत नाही. विषय वाँटनचा आहे.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४५

राजेंद्रचा फोन. विचारलं, "कुठवर आलं?" सांगितलं, नव्वद टक्के. मागून प्रतीक्षाचा आवाज: "आई, साधी खिचडी टाकलीत तरी आमची काही हरकत नाही." खिचडी! सातवीच्या मुलीला पास करण्यापुरते गुण द्यायचा हा स्वर मी ओळखते. मीच शोधून काढला होता.

समीक्षाने फोन घेतला. "आजी, तू खरंच वाँटन करणारेस? आत्याआजीला फोटो दाखवला होता मी एकदा. ती म्हणाली, 'एवढ्याशा चकोलीला केवढं नाव!'"

म्हणजे भागूने पाहिलं होतं.

मुद्दा असा की, पाहणं म्हणजे येणं नव्हे. योजनेत बदल नाही.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ११.००

लसणाच्या फोडणीचा वास. घरात लसूण नाही. हिंगाची डबी बंद. शेजारचं कुटुंब मुंबईला. वास बरोबर अकरा वाजता आला, भागूची फोडणी ज्या वेळेला पडायची त्या वेळेला. शालूबाईला विचारलं. तिला येत नव्हता. तिला सर्दी आहे.

ओट्याकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "हे बघ, मला रविवारी चार माणसांचं करायचं आहे. मध्ये येऊ नकोस." अर्थात स्वतःलाच. एकाग्रतेसाठी असं बोलावं असं मानसशास्त्रात आहे.

शालूबाईने झाडू थांबवला. "काय म्हनल्या आक्का?" मी म्हटलं, काही नाही म्हणाली.

वाक्यरचना चुकली. दुरुस्त: कोणीही काहीही म्हणालं नाही.

८ मार्च, शनिवार. दुपारी २.३०

उद्याची तयारी सोडून महिला दिनाच्या कार्यक्रमाला जावं लागलं. लोणावळ्यातल्या एका महिला मंडळाने सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फ्रेम. फ्रेमवर छापलं आहे: "शाळा आणि स्वयंपाकघर दोन्ही समर्थपणे सांभाळणाऱ्या." माझी जुनी सहकारी अनिता माइकवर बोलली. "ज्योत्स्नाबाईंच्या डब्यासाठी स्टाफरूममध्ये भांडणं व्हायची! करंजीची ती मुरड! बाई, आज तरी गुपित सांगा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माइक माझ्या हातात दिला. समोर दीडशे बायका. शेवटच्या रांगेत खुर्ची रिकामी होती. रिकामी होती हे नक्की, कारण मी तिकडेच बघत होते.

मी म्हटलं, "थँक्यू."

टाळ्या झाल्या. रिक्षात बसल्यावर ऐकू आलं. "हं." रिक्षाला गीझर नसतो.

फ्रेम कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवली आहे. काच तडकू नये म्हणून.

आजची उरलेली कामं: खिमा, हाडं, पातीचा कांदा. पाऱ्या उद्या ताज्या. एकही मुरड घालायची नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी १०.४०

वेळेनुसार सर्व सुरळीत. १० वाजता बौद्धाचार्य आले. वंदना झाली, मेणबत्ती लावली, भागूच्या फोटोला पांढरी फुलं. आपल्यात मेलेल्या माणसाला पान वाढत नाहीत, ते मी समीक्षाला पुन्हा एकदा समजावलं. आत्ताच राजेंद्र, प्रतीक्षा, समीक्षा बेडशाला झाडाला पाणी घालायला गेले. पाऊण वाजेपर्यंत परत. शालूबाई तिच्या घरी. मी एकटी. कराराप्रमाणे.

सूप उकळतंय. पीठ फडक्याखाली. (ताटलीने पीठ सुकतं, हा माझा स्वतःचा शोध.)

११.२०. चाळीस पाऱ्या. भरून झाल्या. सर्व चेंडू, मुरड नाही.

११.४५. पहिले दहा सोडले. फुटले.

११.४८. दुसरे दहा. फुटले.

११.५०. उरलेले वीस एकदम. आता बघूच

१२.३५

वर "बघूच" नंतर पूर्णविराम नाही. असं माझ्या हातून होत नाही.

११.५० ते १२.३५ ची नोंद नाही. गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. खिमा-फेसाचं पातेलं घासून पालथं घातलेलं. कुकर उघडा, त्यात तूरडाळ शिजलेली असावी, कडेला पिवळी आहे. मोठ्या पातेल्यात आमटी. तांबूस तवंग. आत शंकरपाळ्याच्या आकाराच्या चकोल्या. एकीला एक चिकटलेली नाही. फोडणीला लसूण आहे. घरात लसूण नव्हता. काल खिमा घेताना पिशवीत आला असेल. मी घेतला असेल. नोंद नाही.

ते दारात आले आहेत.

रात्री नाही, दुपारीच. ४.१५

क्रमाने लिहिते.

चौघं बसलो. समीक्षाने पातेल्यात डोकावून विचारलं, "आजी, वाँटन कुठेत?" प्रतीक्षाने तिला डोळ्यांनी दटावलं. राजेंद्रने एक घास घेतला आणि चमचा हातात तसाच धरून राहिला. पन्नाशीला आलेला मुलगा. डोळे भरले त्याचे. म्हणाला, "आत्याच्या हातची चव. तीच. आई, कोणी केलं हे?"

करार मला पाठ आहे. एकटीने: होते. मदत नाही: घरात कोणी नव्हतं. बाहेरून काही नाही. चार माणसांचं जेवण, उलट सहाजणांना पुरेल. "मी" एवढं एक अक्षर म्हटलं की घर माझं, तुंगार्ली माझी, सकाळी तलावापर्यंतची फेरी माझी. हे अक्षर मी चाळीस वर्षं न म्हणताही पचवलेलं होतं.

मी म्हटलं, "भागूने."

मग नीट सांगितलं. हे भागूने केलं. निवृत्तीचं जेवणही भागूने केलं होतं. डबे तिचे. करंज्या तिच्या. तुझ्या बारशाचे लाडू... तेव्हा ती नव्हती, पण तुझ्या लग्नातले तिचे. लोक मला म्हणायचे आणि मी थँक्यू म्हणायचे. ती दारात असायची. एकदाही "मी केलं" म्हणाली नाही आणि मी एकदाही "तिने केलं" म्हणाले नाही. कालसुद्धा, माइक हातात असून. तर आज विचारलंस म्हणून सांगते. भागूने केलं. आज, इथे, पावणेबारा ते साडेबारा.

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. मला वाटलं होतं, राजेंद्र रागावेल. निदान लाज तरी वाटेल त्याला माझी.

त्याने चमचा खाली ठेवला. प्रतीक्षाकडे बघितलं. प्रतीक्षा हळूच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हो आई. आत्यांनीच केलं." फार गोड आवाजात. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर बोलतात तसा.

मी म्हटलं, तुम्हाला मुद्दा कळला नाही. तिने आज केलं हा मुद्दाच नाही, आधीचं सगळं... राजेंद्र म्हणाला, "आई, पाणी पी."

समीक्षा एकटी जेवत होती. तिने विचारलं, "मग आत्याआजीला वाढलंस का?" मी म्हटलं, आपल्यात पान वाढत नाहीत. ती म्हणाली, "पान नाही गं. वाटीत. जेवली नसेल ना करता करता."

गॅलरीचं दार लावून राजेंद्र फोनवर बोलत होता. लावलेल्या दारामागचं ऐकणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. "हो डॉक्टर. चष्मा फ्रिजमध्ये. स्टुलावर चढते, मग आठवत नाही. आज म्हणाली, आत्या येऊन स्वयंपाक करून गेली. ...मंगळवारी साडेअकरा? चालेल. मी उद्याच तिला आमच्याकडे घेऊन येतो."

माझ्या नखांत हळद आहे. उजव्या मनगटावर कुकरचा चटका. कधी बसला, नोंद नाही.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.००

एक बॅग. दहाला राजेंद्र येणार.

शालूबाईला काल झालेलं सगळं सांगितलं, तिच्या हक्काच्या बातमीसारखं. तिने डोळे पुसले. "म्हनलात एकदाचं त्यांचं नाव. चारचौघात म्हनलात न्हवं?" मी म्हटलं, हो, पण कोणाला पटलं नाही. ती म्हणाली, "त्याचं काय येवडं? आक्कांनी आयिकलं."

उरलेल्या चकोल्या तिला दिल्या. एक वाटी आधीच ओट्यावर काढून ठेवलेली होती. ती मीच काढली होती. याची नोंद आहे: काल, ४.४०. सकाळी वाटी भरलेलीच होती, साय धरलेली. कोणी खाल्लं नव्हतं. शालूबाईला ती बघवेना. मी उभ्या उभ्या खाऊन टाकली. मीठ किंचित कमी होतं.

स्वयंपाकघरात पहाटेपासून उभी आहे. पाइप गप्प. कुकर गप्प. दोन वेळा मुद्दाम मैद्याचा डबा आपटून बघितला. एक पारी लाटून मुरड घालायचा प्रयत्न केला, बोटं चालेनात. चेंडूच झाला. पोळपाट साड्यांखाली बॅगेत ठेवला आहे. बॅग बंद होत नाही. त्यावर बसून चेन लावली.

आत्ता राजेंद्रचा फोन आला. निघालाय. आवाजात उगाच उत्साह. म्हणाला, "आणि आई, तुझी खोली हवेशीर आहे. स्वयंपाकाला बाई येते दोन्ही वेळेला, चांगलं करते. तुला आता किचनमध्ये पाऊलही टाकायची गरज नाही."

मी म्हणाले, "हं."